रुग्णसेवेत विसरलेले तोंड
(वैशाख पौर्णिमेच्या कार्यक्रमातील भाषण)



मी डॉक्टर नाही, बँकेतला साधा कारकून आहे. आईच्या आजारपणात उशिरा जे शिकलो, ते सांगण्यासाठी उभा आहे.

मांडीचे हाड मोडल्याने ७८ वर्षांच्या आईला दवाखान्यात ठेवले. औषधे, सलाईन, बिले यांकडे मी डोळ्यांत तेल घालून पाहिले. तिची कवळी मात्र रुमालात गुंडाळून उशाशी पडून होती. आठ दिवस तिचे तोंड कुणी स्वच्छ केले नाही, मीही नाही. जिभेवर थर साचला, पाणी पितानाही ठसका लागू लागला आणि नवव्या दिवशी न्यूमोनिया! हाडाची शस्त्रक्रिया यशस्वी झाली होती. आई मात्र घरी आली नाही.

जीभ हा स्नायूच आहे. अंथरुणाला खिळल्यावर हातपाय गळतात, तशी तीही दुबळी होते. घास टाळूशी दाबून घशाकडे ढकलणे तिला जमेनासे होते. अन्नकण तोंडातच राहतात, जंतू वाढतात आणि लाळेबरोबर श्वासनलिकेत उतरतात.

जपानमधील ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षे झालेली पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. जेवणानंतर ज्यांचे तोंड स्वच्छ केले जाई, त्यांच्यातील ११ टक्क्यांना न्यूमोनिया झाला. इतरांत १९ टक्क्यांना. तेथील तज्ज्ञांनी २०१६ साली तोंडाची दुर्बलता ओळखण्याच्या सात कसोट्या ठरविल्या; जिभेचा दाब ही त्यांतलीच एक.

बंधूंनो, हे आपल्याला परके नाही. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भगवंतांनी दातवणाचे पाच लाभ सांगितले आहेत. महावग्गात, अतिसाराने मळात पडलेल्या भिक्खूला त्यांनी आनंदांच्या मदतीने स्वतः स्नान घातले. इतर भिक्खूंनी त्याला उपयोगाचा नाही म्हणून टाकले होते.

म्हणून विनंती : रुग्णाला भेटायला जाताना फळांसोबत मऊ ब्रशही न्या. जेवणानंतर दात, जीभ, हिरड्या हलक्या हाताने पुसा. रात्री कवळी काढून, धुऊन पाण्यात ठेवा. भरवताना रुग्णाला बसते करा, लहान घास द्या, नंतरही अर्धा तास आडवे करू नका. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका. ठसका लागत असेल तर लगेच डॉक्टरांना सांगा. जीभ टाळूवर दाबण्याचा व्यायाम त्यांनाच विचारून करवून घ्या.

माझ्या आईसाठी मी हे केले नाही. तुम्ही तुमच्या आईसाठी करा.

जयभीम! नमो बुद्धाय!