गाय उलटते, तोटा कुणाचा?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाचा नि ज्वारीचा भाव आपण ठरवत नाही. गाय वेळेवर गाभण राहणे मात्र बरेचसे आपल्या हातात आहे.

हिशेब मांडा. गाभणकाळ साधारण 280 दिवसांचा. वर्षाला एक वेत हवे, तर व्याल्यावर 85 दिवसांत गाय गाभण राहायला हवी. पहिले दोन महिने गर्भाशय सावरण्यात जातात. माज येतो 21 दिवसांनी. म्हणजे साठाव्या दिवशी एक संधी आणि एक्याऐंशीव्या दिवशी दुसरी. दोन्ही हुकल्या की दूध आटते, कडबा मात्र चालूच!

ब्राझीलमध्ये मांसासाठी हजारो गायी पाळणारे इंजेक्शने देऊन सगळा कळप एकाच वेळी माजावर आणतात. आपल्या दोन गायींना डोळे पुरेत. गाय हंबरते, काचेसारखा सोट टाकते, दुसरे जनावर अंगावर उडताना स्थिर उभी राहते, तो पक्का माज. उन्हाळ्यात तो रात्री येतो, मुका असतो. हे आधी कळते धार काढणाऱ्या बाईला. तेव्हा तिचे ऐका.

सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन करा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. कारण अंडे माज संपल्यावर दहा-बारा तासांनी सुटते. सोट गढूळ असेल तर आधी उपचार करा. रेतकांडी नायट्रोजनमधून काढल्यावर 37 अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट ठेवायची असते. हातावर चोळून किंवा खिशात ठेवून चालत नाही. समोर उभे राहून पाहा, तारीख आणि वळूचा क्रमांक लिहून घ्या.

नुसत्या कडब्यावर गाय माजावर येत नाही. त्यात प्रथिने आणि स्फुरद कमी. ती उणीव आपल्याच कापसाची सरकी पेंड भरून काढते. जोडीला रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण द्या.

अठराव्या ते चोविसाव्या दिवसापर्यंत गाय उलटते का पाहा. उलटली नाही म्हणजे गाभणच, असे समजू नका. दोन-तीन महिन्यांनी तपासून घ्या. तीनदा उलटली तर चौथी कांडी भरण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

आता सरकारचा हिशेब. गाईच्या कत्तलीवर 1976 च्या कायद्याने बंदी होतीच. मार्च 2015 पासून बैल आणि वळूही त्यात आले. भाकड गाय आणि गोऱ्हा यांचा बाजार मोडला, पोसण्याचा खर्च शेतकऱ्याच्या माथी. लिंगनिश्चित रेताने दहात नऊ कालवडी होतात खऱ्या, पण त्यात शुक्राणू कमी असतात. ते निरोगी कालवडीला, पक्क्या माजावरच वापरा.

आपली मागणी एवढीच : रेतने किती केली हा आकडा आम्हाला नको. गाभण किती राहिल्या, तो गावागावात फळ्यावर लिहा!