हप्ता नको, एकूण सांगा

आज बोलायचं आहे ते पैशांविषयी. पण घाबरू नका, अर्थशास्त्राचे व्याख्यान द्यायला मी बसलेलो नाही. चौतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत खडू झिजवला, मुलांना त्रैराशिक आणि सरळव्याज शिकवले, आणि स्वतः बाजारात गेलो की नेमका तोच धडा विसरलो. त्या विसरण्याची किंमत काय पडली, तेवढे सांगतो.

आधी लहान गोष्ट. गेल्या उन्हाळ्यात तालुक्याच्या गावी छताचा पंखा आणायला गेलो. खोक्यावर किंमत छापलेली होती आणि खाली 'सर्व करांसह' असे शब्द होते. दुकानदार म्हणाला, "मास्तर, पक्कं बिल पाहिजे का? मग कर वेगळा पडंल." आता छापील कमाल किमतीत कर आलेलाच असतो, तिच्यावर एक पैसाही मागता येत नाही, हे मला पाठ होतं. पण मागे तीन गिऱ्हाइकं उभी, त्यांतला एक माझाच जुना विद्यार्थी. त्याच्यादेखत हुज्जत कशी घालायची? म्हणून कच्च्या चिठ्ठीवर पंखा घेऊन मुकाट्याने घरी आलो. पंधरा दिवसांत पंखा कुरकुरू लागला. कंपनीच्या माणसाला वॉरंटीचं कार्ड दाखवलं, तर तो म्हणतो, "बिल कुठाय?"

दुकानदाराने लबाडी केली हे खरंच. पण ती चालली कशावर? माझ्या संकोचावर. चार माणसांत पैशांचं बोलणं हलकेपणाचं, हे आपल्या हाडीमासी भिनलेलं आहे. शिक्षकाच्या तर जास्तच.

बाजारातली बोलीसुद्धा या संकोचाला सोयीची झाली आहे. पूर्वी दुकानात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न असे, "केवढ्याला?" आता दुकानदारच आधी सांगतो, "महिन्याला अमुकच बसतील." फ्रीज असो, मोटारसायकल असो, किंमत कुणी उच्चारतच नाही. हप्ता खिशाला झेपतो असं वाटलं की आपण सही करतो.

एक उदाहरण मांडू. मास्तर मंडळींनी वाटल्यास फळ्यावर घ्यावं. मोटारसायकलीसाठी १ लाखाचं कर्ज, मुदत ३ वर्षे, व्याज 'फ्लॅट' १० टक्के. म्हणजे वर्षाला १०,००० प्रमाणे ३०,००० व्याज. एकूण १,३०,००० चे ३६ भाग केले की हप्ता आला ३,६११ रुपये. दिसायला सरळ आहे. पण जरा थांबा. पहिल्या महिन्यापासून तुम्ही मुद्दल फेडत आहात. दीड वर्षाने मुद्दल निम्म्याच्या आसपास उरलेलं असतं, आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पुऱ्या लाखावर चाललेलं असतं. उरलेल्या मुद्दलावर व्याज धरून हाच हिशेब केला, तर दर येतो सुमारे १८ टक्के! सावकाराचं नाव आपण उगाच वाईट केलं, असं म्हणायची पाळी येते.

म्हणून दर सांगितला की लगेच विचारावं, हा फ्लॅट की घटत्या शिलकेवर? रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा नव्या कर्जांत सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर किती पडतो, हे दाखवणारा एक कागद कर्जदाराला त्याला समजेल त्या भाषेत द्यावा लागतो. तो मागून घ्या. सहीआधी मागून घ्या, नंतर नव्हे.

आता मोठी गोष्ट. ही सांगताना अजून थोडी लाज वाटते.

२०११ साली गावाबाहेरच्या रस्त्याला एक जागा सांगून आली. एक गुंठा, म्हणजे १,०८९ चौरस फूट. आणणारा मध्यस्थ माझ्या शाळेतल्या एका गुरुजींचा मेहुणा. म्हणाला, "मास्तर, गुंठ्याला चार लाख. पुढच्या साली सहा हुत्यात का न्हाई बघा." भविष्य निर्वाह निधीतून काढायचे अडीच लाख आणि बाकी मंडळींच्या पाटल्या-बांगड्या, असा आकडा मी मनात जुळवला. आयुष्यभर भाड्याच्या दोन खोल्यांत राहिलेला माणूस. त्याला स्वतःच्या दाराची चौकट डोळ्यांपुढे दिसू लागली की बाकीचं काही दिसत नाही. २५,००० रुपये इसार त्याच दिवशी हातावर ठेवला. पावती? सहकाऱ्याच्या मेहुण्याकडे पावती कशी मागायची!

घरी येऊन आनंदाची बातमी सांगितली. मंडळी चुलीपुढून उठल्या नाहीत की हसल्या नाहीत. एवढंच विचारलं, "अहो, सातबारा बघितला का?" त्या शेतकऱ्याच्या लेक. लहानपणी वडिलांबरोबर चावडीवर हेलपाटे घातलेले. मी म्हटलं, "माणूस ओळखीचा आहे." त्या म्हणाल्या, "माणूस ओळखीचा असंल, जमीन ओळखीची हाय का?"

दुसऱ्या दिवशी तलाठ्यांकडे आम्ही दोघे गेलो. (हल्ली तलाठ्यांचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी असं झालं आहे, पण लोकांच्या तोंडी जुनंच आहे.) सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा. सातमध्ये जमीन कुणाच्या नावे आणि तिच्यावर इतर कुणाचे हक्क आहेत ते असतं. बारामध्ये पिकांची नोंद. आम्ही पाहिलं, तर कब्जेदारांच्या रकान्यात अकरा नावं, त्यांतली दोन माणसं वारलेली, त्यांच्या वारसांची नोंद नाही. 'इतर हक्क' या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा. आणि मध्यस्थ ज्याचं नाव घेत होता, तो त्या अकरांतला एकटा. मंडळींनी बोट ठेवून नावं मोजली आणि म्हणाल्या, "यांतले किती जण सही करणार हायती?"

मध्यस्थाला हाच प्रश्न विचारला, तर तो म्हणाला, "सह्यांचं काय, आपण नोटरी करून टाकू." हा शब्द लक्षात ठेवा, श्रोतेहो. स्टॅम्पपेपरवर लिहून वकिलाचा शिक्का मारला म्हणजे जमीन आपली होत नाही. शंभर रुपये किंवा त्यावर किमतीची स्थावर मिळकत विकत घ्यायची तर खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. हा कायदा इंग्रजी अमदानीपासूनचा आहे. नोंदणीची वाट सोडून नोटरीची गोष्ट का निघाली, तर १९४७ च्या तुकडेबंदीच्या कायद्याने शेतजमिनीतून असा गुंठा तोडून विकायला मनाई होती. अलीकडे त्यात काही सवलती आल्या आहेत. पण आपली जागा त्या सवलतीत बसते का, हे मध्यस्थाने नव्हे, कागदाने सांगायला हवं.

व्यवहार मोडला. इसार परत आला नाही. "इसार बुडतो, ही रीतच हाय," असं उत्तर मिळालं, आणि पावती नसल्याने बोलायला जागा नव्हती. ते गुरुजी आणि मी त्यानंतर सहा वर्षे एका शाळेत होतो, पण मधल्या सुट्टीतला चहा एकत्र झाला नाही. माझ्या दृष्टीने पंचवीस हजारांपेक्षा ते नुकसान मोठं. तोच गुंठा पुढे एका शिपाईभाऊंनी घेतला, वर दोन खोल्या बांधल्या, आणि वारलेल्यांपैकी एकाची मुलगी हिस्सा मागायला उभी राहिली. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

आज हा उतारा पाहणं फार सोपं आहे. महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा निघतो. घरातला कॉलेजचा मुलगा दहा मिनिटांत काढून देईल. मात्र सातबारा ही महसुलाची नोंद आहे, मालकीचा अखेरचा शब्द नव्हे. फेरफारही वाचावेत आणि वकिलाकडून जुन्या खरेद्यांचा शोध घ्यावा. वकिलाची फी जड वाटते, मान्य आहे. मलाही वाटली होती.

शेवटी २०१८ साली आम्ही तालुक्याला तयार इमारतीत सदनिका घेतली. बांधणारा म्हणाला, ६५० फूट. या वेळी मी शाळेतला मोजपट्टा पिशवीत घालून नेला होता! भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजलं, तर भरले ४६८. उरलेले कुठे गेले? जिना, गच्ची, बाहेरच्या भिंती, सगळ्यांचा वाटा माझ्या माथी. आपण राहतो ते चटईक्षेत्रात, आणि कायद्यानेही भाव त्यावरच बोलायचा असतो. मी वहीत दर पुन्हा मांडला आणि बोलणं तिथून सुरू केलं.

जागा ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी आणि सदनिका आठांहून जास्त असतील, तर २०१६ च्या कायद्याप्रमाणे प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी लागते. अशा ठिकाणी नोंदणीकृत करारनामा होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बांधणाऱ्याला घेता येत नाही. तालुक्याच्या गावांत लहान इमारतीच जास्त, त्यांना ही नोंदणी लागत नाही. तिथे डोळे दुप्पट उघडे ठेवावेत. आणखी एक, बायकांच्या कामाचं: महाराष्ट्रात २०२१ पासून घर केवळ स्त्रीच्या नावाने घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. २५ लाखांच्या घराला २५,००० रुपये. आमची खरेदी त्याआधीची, त्यामुळे आम्हांला ती मिळाली नाही. तरी घर मंडळींच्याच नावावर आहे. का, ते तुम्हांला कळलंच असेल.

आणि घराच्या हप्त्याचं गणित. २० लाखांचं कर्ज, घटत्या शिलकेवर ९ टक्के, मुदत २० वर्षे धरा. हप्ता येतो १७,९९५. एकूण फेड ४३ लाख १८ हजारांवर, म्हणजे व्याजच २३ लाख १८ हजार! पहिल्या हप्त्यातले १५,००० व्याजात जातात, मुद्दल फिटतं ते जेमतेम तीन हजार. आता मुदत १५ वर्षे करा. हप्ता २०,२८५, आणि एकूण व्याज साडेसोळा लाख. महिन्याला सुमारे तेवीसशे रुपये जास्त काढता आले, तर साडेसहा लाखांच्या वर वाचतात. प्रत्येकाला निघतील असं नाही. लेकीचं शिक्षण, आईचं औषध, कुणाला काय असतं. पण फरक अर्धा हजाराचा की अर्ध्या लाखांचा, हे सही करणाऱ्याला माहीत तरी असावं. हातात कधी जादा पैसे आले तर बदलत्या दराचं गृहकर्ज मुदतीआधी फेडायला बँक दंड लावू शकत नाही, हेही ध्यानात असू द्या.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. व्याजाचा धडा शिकवताना पुस्तकातल्या रामरावाऐवजी मुलांना घरचा एखादा खरा कर्जाचा कागद आणायला सांगू नका. घरच्या अडचणी वर्गात उघड्या पडतात. दुकानाच्या दारात वाटतात ती हप्त्याची जाहिरात आणायला सांगा. खालच्या बारीक अक्षरांसकट.

राहिला पंखा. मंडळींच्या आग्रहाने मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. तक्रारीचा क्रमांक मिळाला. तो एका चिठ्ठीवर लिहून दुकानदारापुढे ठेवला. भांडलो नाही, आवाजही चढवला नाही. चौथ्या दिवशी विक्रीच्या तारखेचं पक्कं बिल हाती आलं आणि आठवड्यात पंखा दुरुस्त झाला. परवा मिक्सरचं भांडं घ्यायला त्याच दुकानात गेलो. गर्दी होती. मला पाहताच दुकानदाराने आधी बिलबुक काढलं, मग विचारलं, "बोला मास्तर, काय देऊ?"