शेगडीची जागा कोणी ठरवायची?

(धाराशिव जिल्ह्यातील बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



घरकामाच्या वाटणीवर आपण पुष्कळ बोलतो. आज मी घरात शेगडी कुठे ठेवायची, एवढ्यावरच बोलणार आहे. हसू नका.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर आपल्याकडे सास्तूरसारखी गावे नव्या जागी वसली. भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फुटांचे घर मिळाले. घराचे माप सातबाऱ्यावरून ठरले, जेवणारी माणसे किती यावरून नाही. जुन्या माळवदाच्या घरात धूर जायला छताला भोक असे. सिमेंटच्या छताखाली डोळे चुरचुरू लागले, तेव्हा कितीतरी जणींनी दारापुढे पत्रा टाकून चूल बाहेर नेली.

२०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि खूप घरांत गॅस आला. मिस्त्री म्हणतो, शेगडी आग्नेय कोपऱ्यात. पण तो कोपरा दारामागे असला तर? दार उघडले की वारा, पोर आणि पदर, तिन्ही शेगडीपाशी. वाऱ्याने ज्योत विझते, गॅस मात्र सुटत राहतो. तो हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो. वरची खिडकी उघडून भागत नाही, दार उघडावे लागते. म्हणून सिलिंडर जमिनीवर उभा आणि शेगडी त्याच्याहून उंच, हे पक्के.

आपली अडचण भाकरीची. बसून थापायची सवय, म्हणून आपण शेगडी खाली घेतो. त्यापेक्षा ओटाच बुटका बांधून घ्या, कोपरापासून वीतभर खाली, म्हणजे उभ्यानेही थापताना जोर लागतो. सासू-सुनेच्या उंचीत फरक असेल तर जी जास्त रांधते तिचे माप धरा. (मान कोणाचा, हा वाद नंतर घालू.) सिलिंडर परवडत नाही म्हणून चूलही चालू असेल, तर ती त्याच खोलीत नको.

आणखी एक. बाई जळाली की ‘स्टोव्हचा भडका’ एवढ्यावर कागद मिटवला जातो, हे आपण वर्षानुवर्षे पाहिले आहे. अशा वेळी लगेच जाऊन बघा: स्टोव्ह खाली होता की ओट्यावर, दार कोणत्या बाजूला, कडी आतून की बाहेरून. लिहून ठेवा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने सुतळी आणावी. जमिनीपासून कोपरापर्यंत एकमेकींची मापे घेऊ, गाठ मारू, आणि ती सुतळी मिस्त्रीच्या हातात देऊ.