न्हाणीघरातील विद्या

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात महिला शाखेच्या सभेपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आपण आजवर शिक्षण, शिष्यवृत्ती, वसतिगृह अशा भारदस्त विषयांवरील व्याख्याने ऐकत आला आहात. त्या मालिकेत शिकेकाई आणि माक्याचे तेल हा विषय कित्येकांस किरकोळ वाटेल. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्हासही क्षणभर संकोच वाटला. परंतु रसायनशास्त्र शिकविण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर या प्रत्येक घरातील दोन प्रयोगशाळाच होत. आणि त्यांतील दुसरीचे ज्ञान आपल्या घरांतून झपाट्याने नाहीसे होत आहे. ते जपावे कसे, आणि जपताना त्यातील काय टाकून द्यावे, एवढेच आज आम्हास सांगावयाचे आहे.

आमचे बालपण कोकणात गेले. वडिलांची आत्या आमच्याच घरी असे; तिला आम्ही सारी मुले आत्याआजी म्हणत असू. घरातील मुलींच्या न्हाण्याचे खाते तिच्याकडे होते. आदल्या रात्री ती शिकेकाईच्या शेंगा भिजत घाली आणि पहाटे चुलीवर त्यांना उकळी आणी. बंबातील कढत पाणी विसणून ती आम्हास एकेकीला पाटावर बसवी आणि डावा तळहात आमच्या डोळ्यांवर घट्ट धरून उजव्या हाताने डोके चोळी. तिने कधी तराजू वापरला नाही; परंतु पाणी पातळ झाले किंवा रिठा अधिक पडला, असे एकदाही घडलेले आम्हास आठवत नाही.

आता शास्त्राकडे वळू. त्वचेच्या बाहेर जो केस दिसतो तो निर्जीव असतो. तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असून त्याचे जिवंत मूळ त्वचेच्या आत असते. केस महिन्याकाठी सुमारे एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो, आणि रोज ५० ते १०० केस गळणे हे प्रकृतीला धरूनच आहे. तेव्हा वरून लावलेल्या वस्तूकडून केसाच्या बाबतीत तीन कामांची अपेक्षा ठेवावी: मळ काढणे, झीज रोखणे आणि रंग देणे. केसांचे पोषण ताटातील डाळ, उसळ आणि पालेभाजी यांतून होते, बाटलीतून नव्हे.

पैकी मळ काढण्याचे काम शिकेकाई आणि रिठा करतात. शिकेकाई ही सह्याद्रीच्या रानात वाढणाऱ्या काटेरी वेलीची शेंग, आणि रिठा हे झाडाचे फळ. दोहोंमध्ये सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. त्यांच्या कणाचे एक टोक तेलाला धरते व दुसरे पाण्याला. त्यामुळे केसावरील तेलकट मळ सुटून पाण्याबरोबर वाहून जातो. नोकरीनिमित्त आम्ही घाटावर राहावयास आलो, तेव्हा विहिरीचे पाणी जड, म्हणजे शास्त्राच्या भाषेत दुष्फेन, निघाले. साबणाने न्हाले की केसांवर पांढुरका चिकट साका बसे. जड पाण्यातील चुन्याच्या व मॅग्नेशियमच्या क्षारांशी साबणाचा संयोग होऊन तो साका बनतो. रिठ्याच्या फेसाचे तसे होत नाही. आत्याआजीच्या शिकेकाईची थोरवी आम्हास खरी कळली ती तेथे. आधुनिक शाम्पूही जड पाण्यात साका धरीत नाही, हे न्यायाने सांगावयास हवे. शिवाय शाम्पू हा शब्द आपल्याच ‘चंपी’चा भाऊबंद आहे. पाटण्यास १७५९ साली जन्मलेल्या शेख दीन महंमद यांनी इंग्लंडातील ब्रायटन येथे स्नानगृह काढून ही चंपी तिकडच्या लोकांत रूढ केली, आणि १८२२ साली तिजवर पुस्तकही लिहिले. तेव्हा बाटलीशी आमचे वैर नाही. घरी जे उत्तम होऊ शकते ते करण्याची विद्या हातून जाऊ नये, इतकेच.

आता प्रत्यक्ष कृती. शिकेकाई १ किलो, बिया काढलेले रिठे पाव किलो, आवळकाठी पाव किलो, मेथी १०० ग्रॅम, नागरमोथा आणि कापूरकाचरी प्रत्येकी ५० ग्रॅम, आणि वाळलेल्या संत्र्याच्या सालीची दोन मुठी. रिठ्याची काळी बी फेस देत नाही, म्हणून ती फोडून काढावी. सर्व जिन्नस दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवावेत; शिकेकाई हाताने मोडताना कट् असा आवाज आला की ती दळण्याजोगी झाली. दळलेली पूड वस्त्रगाळ करून कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी. न्हाण्याच्या वेळी दोन-तीन चमचे पूड दोन वाट्या पाण्यात दहा मिनिटे मंद आचेवर उकळावी आणि पातळ कापडातून गाळून कोमट असताना वापरावी. केस कोरडे असणाऱ्यांनी रिठे निम्मे करावेत. केस सळसळीत व्हावे असे वाटत असेल तर जास्वंदीची चार-सहा पाने वाटून त्यांचा बुळबुळीत रस त्यात मिसळावा.

येथे आमच्या फजितीची एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. पहिल्या वर्षी आम्ही पूड दळून आणली ती एका कांडपयंत्रावरून. आमच्या आधी त्यावर मिरची दळली गेली होती, हे विचारण्याचे आम्हास सुचले नाही. त्या रविवारी घरातील तिघींच्या टाळूची जी आग झाली तिची आठवण अजून निघते. तेव्हा यंत्र पुसून घेतले आहे ना, हे आधी पाहावे. दळताना व चाळताना नाकाला फडके बांधावे, कारण ही धूळ नाकाघशाला झोंबते. शिकेकाईचे पाणी डोळ्यांत गेल्यास साध्या पाण्याने डोळे भरपूर धुवावेत. आत्याआजी डोळ्यांवर हात का धरीत असे, याचा उलगडा आता आपणास होईल.

दुसरी वस्तू माक्याचे तेल. माका भातखाचरांच्या बांधावर आणि ओलसर जागी आपोआप उगवतो. फूल बारीक व पांढरे असते. तेल सिद्ध करण्याचे आयुर्वेदाने सांगितलेले प्रमाण ध्यानात ठेवण्यास सोपे आहे: वाटलेला कल्क एक भाग, तेल चार भाग, रस अथवा काढा सोळा भाग. म्हणजे अर्धा लिटर खोबरेलास १२५ ग्रॅम कल्क आणि दोन लिटर रस. एवढा रस मिळाला नाही तर उरलेला भाग माक्याच्याच काढ्याने भरावा. जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर हे तीन-चार तास आटवावे लागते. घाई केल्यास कल्क करपतो. कल्काची बोटांनी वात वळता आली, आणि ती ज्योतीत धरल्यावर तडतडली नाही, म्हणजे पाण्याचा अंश गेला असे समजावे. ही परीक्षा आमच्या प्रयोगशाळेतील कित्येक परीक्षांहून सुटसुटीत आहे. थंड झाल्यावर तेल गाळून कोरड्या काचेच्या बाटलीत भरावे; थेंबभर पाणी राहिले तरी ते खवट होऊ लागते.

खोबरेलाविषयी एक आधुनिक पुरावाही आहे. २००३ साली आरती रेळे व आर. बी. मोहिले या मुंबईच्या संशोधकांनी खनिज तेल, सूर्यफुलाचे तेल आणि खोबरेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केस धुण्यापूर्वी वा नंतर लावले असता केसातील प्रथिनांची झीज कमी करणारे तेल खोबरेलच ठरले, कारण त्याचे रेणू केसाच्या आत शिरू शकतात. हे संशोधन खोबरेल विकणाऱ्या उद्योगात झाले होते, हेही आपण मनात ठेवावे. तथापि आपल्या आज्यांचा अनुभव त्याच बाजूचा आहे.

रंगाच्या बाबतीत मात्र सावध असावे. मेंदीच्या पानांतील रंगद्रव्य केराटिनाला चिकटते आणि केस तांबूस होतात. लोखंडी कढईत भिजविलेल्या आवळकाठीचे टॅनिन लोहाशी मिळून काळसर होते, म्हणून दोन्ही एकत्र लावल्यास रंग गडद येतो. परंतु निव्वळ मेंदीने केस काळेभोर होत नाहीत. ‘काळी मेंदी’ या नावाने जे विकले जाते त्यात बहुधा पॅरा-फेनिलिन-डायअमाइन हे रसायन असते, आणि ते कित्येकांच्या त्वचेस मुळीच सोसत नाही. कोणतीही नवी वस्तू, घरची असो वा बाजारची, आधी कानामागे थोडी लावून दोन दिवस वाट पाहावी. तसेच पाण्यात कालवलेले लेप व काढे त्याच दिवशी संपवावेत. वनस्पतीचे म्हणून ते नासत नाही अथवा अपाय करीत नाही, ही समजूत खोटी आहे.

याहून मोठी खोटी समजूत टकलावर केस उगवण्याची. अनुवंशाने पडलेले टक्कल कोणत्याही घरगुती तेलाने भरत नाही. बाळंतपणानंतर किंवा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस पुष्कळ गळतात आणि बहुधा पुढील काही महिन्यांत आपोआप येतात. त्या काळात जे तेल हाती असेल त्याला श्रेय मिळते. चाई पडली, टाळूला जखमा झाल्या, किंवा पंडुरोगाने अथवा थायरॉइडच्या विकाराने केस विरळ झाले, तर डॉक्टरांकडेच जावे. महिला शाखेने उद्या शिकेकाईची पाकिटे विक्रीस काढली, तर त्यांवर जे खरे आहे तेच छापावे, अशी आमची विनंती आहे.

आता शेवटचे, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे. आत्याआजीविषयी एक गोष्ट आम्ही अजून सांगितलेली नाही. ज्या हातांनी तिने घरातील इतक्या मुलींचे केस राखले, त्या आत्याआजीच्या स्वतःच्या मस्तकावर केस नव्हते. ती चौदाव्या वर्षी विधवा झाली आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या आज्ञेने तिचे केशवपन करण्यात आले. १८९० साली मुंबईच्या नाभिक बांधवांनी, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने, विधवांच्या मस्तकावर वस्तरा चालविणार नाही असा निर्धार केला होता. त्याला बरीच वर्षे लोटली होती, तरी आमच्या घराच्या मागील दारापर्यंत तो पोचला नव्हता. आम्ही तिला पाहिली ती तांबड्या आलवणातच. एकदा आम्ही तिला विचारले, “आत्याआजी, तुला हे प्रमाण कसे ग ठाऊक?” ती शिकेकाई ढवळीत म्हणाली, “माझी वेणी गुडघ्याला लागायची, बायो.” पुढे ती काही बोलली नाही.

आपल्या स्मरणिकांतून आपण पूर्वजांचे गुणगान करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु ते वस्तरा चालवावयास सांगणारेही आमचेच पूर्वज होते, हेही एकदा आपल्याच पानांवर नोंदले जावे असे आम्हास वाटते. आत्याआजीचे एकही छायाचित्र आमच्या घरी नाही. तिचे जे काही उरले आहे ते या प्रमाणात आहे.

म्हणून आमच्या दोन सूचना आहेत. प्रत्येक घराने आपल्याकडील शिकेकाई, तेल, उटणे यांचे प्रमाण वजनासह लिहून, ते ज्या स्त्रीकडून आले तिच्या नावानिशी, महिला शाखेकडे द्यावे. आणि पुढील उन्हाळ्यात शाखेने एकत्र शिकेकाई करण्याचा बेत आखावा. त्यास सर्व भगिनींना बोलवावे, आणि कोणाच्या कपाळाकडे पाहून निमंत्रण देऊ नये. मुलगेही आले तर उत्तमच, कारण केस त्यांनाही आहेत. त्या दिवशी पहिली पूड चाळण्याचा मान आपल्यातील सर्वांत ज्येष्ठ विधवा भगिनीस द्यावा, अशी आमची प्रार्थना आहे.