नोकरी आणि पुढील अध्ययन
(मंचेरियल येथे मठाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दिवसा कचेरीत हिशेब लिहिणारा आणि सायंकाळी पाठशाळेत न्यायशास्त्राचा पाठ घेणारा मी एक सामान्य विद्यार्थी आहे. गेल्या चातुर्मासात गुरुजींनी मला विचारले, "नोकरी सोडून दोन वर्षे पूर्णवेळ अध्ययन कराल काय?" आपल्या मंचेरियलहून आगगाडीने नागपूर गाठले की रामटेक जवळच, तेथे १९९७ साली स्थापन झालेले कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ आहे. वाट दूरची नाही. तरी मला त्या रात्री झोप आली नाही.

अशा प्रसंगी स्नेहीजन थोरांचे दाखले देतात. मला बहुतेकांनी गोव्याच्या धर्मानंद कोसंबींचा दाखला दिला. ज्ञानाच्या ओढीने ते १८९९ साली घराबाहेर पडले. पुण्यास संस्कृताचा आरंभ, काशीस अन्नछत्रात जेवून अध्ययन, नेपाळची पायपीट आणि अखेर सिंहलद्वीपात पाली भाषा! पुढे ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठापर्यंत पोहोचले व फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले. हे ऐकताना कोणाचाही ऊर भरून येईल. परंतु सांगणारे एक गोष्ट गाळतात. ते निघाले तेव्हा पत्नी बाळाबाई व तान्ही कन्या मागे गोव्यातच राहिल्या, आणि ती ताटातूट कित्येक वर्षांची होती. त्या विद्येचे मोल त्या दोघींनीही भरले आहे.

मला त्यांचा दुसरा त्याग अधिक मार्गदर्शक वाटतो. कलकत्ता विद्यापीठातील पाली शिकविण्याची जागा त्यांनी सोडली, ती महाराष्ट्रात राहून कार्य करता यावे म्हणून. सयाजीराव गायकवाडांनी त्यासाठी दरमहा ५० रुपये देऊ केले होते. रक्कम लहान, पण ठरलेली. तिच्यावर संसाराचे गणित आधी मांडता येत होते. (गणित मांडणे हा वैराग्याला कमीपणा आहे, असे आपल्यातील काहींस वाटते, मला तसे वाटत नाही.)

उलट महामहोपाध्याय काणे यांनी शाळेत शिकवीत असतानाच कायद्याच्या परीक्षा दिल्या, १९११ साली सरकारी नोकरी सोडली ती वकिलीसाठी, आणि धर्मशास्त्राच्या इतिहासाचे खंड १९३० ते १९६२ या काळात प्रसिद्ध केले. नोकरी सोडली म्हणजेच अध्ययन सुरू होते, असा नियम नाही.

मी गुरुजींना उत्तर देण्यापूर्वी घरी विचारले. मातोश्री म्हणाल्या, "तू जा, माझे काय!" हे उत्तर मी धरले नाही, माता याहून वेगळे बोलणार नाहीच. पत्नीने मात्र विचारले, "शिल्लक किती महिन्यांची आहे?" आम्ही दोघे वही घेऊन बसलो. मातोश्रींची औषधे आणि मुलाची शाळा धरून हिशेब चौदा महिन्यांवर थांबला. अभ्यास चोवीस महिन्यांचा. वर्षानुवर्षे दुसऱ्यांचे हिशेब लिहिणाऱ्याने स्वतःचा प्रथमच लिहिला!

दुसऱ्या दिवशी गुरुजींना ती वही दाखविली. ते रागावतील असे वाटले होते. त्यांनी ती शांतपणे वाचली व म्हणाले, "मग दहा महिन्यांची तजवीज करा, तोवर तर्कसंग्रह पुन्हा नीट होऊ द्या."

या वर्षी मी राजीनामा दिलेला नाही. पहाटे चारला उठून पाठ करतो, आणि वहीत आता अकरा नव्हे, नऊच महिने उणे आहेत, असे लिहिण्याचा दिवस गेल्या पौर्णिमेला आला. अकरा कसे, असे आपण विचाराल: मध्ये एक महिना मातोश्रींच्या दुखण्यात गेला.