कार्ल शुर्झ : दत्तक पुत्राची राष्ट्रनिष्ठा



जन्मभूमीवर प्रेम करणे हा मनुष्याचा स्वभावच आहे. परंतु ज्या भूमीने आश्रय दिला, तिचे ऋण कसे फेडावे? कार्ल शुर्झ यांचे जीवन हे या प्रश्नाचे एक तेजस्वी उत्तर आहे.

२ मार्च १८२९ रोजी जर्मनीतील कोलोनजवळच्या लिब्लार गावी त्यांचा जन्म झाला. बॉन विद्यापीठात शिकत असताना प्राध्यापक गॉटफ्रीड किंकेल यांच्या सहवासात ते १८४८च्या क्रांतीत ओढले गेले. १८४९ मध्ये राश्टाटचा किल्ला प्रशियन सैन्याच्या हाती पडताच भुयारी गटारातून ते निसटले. किंकेल मात्र पकडले गेले; त्यांना जन्मठेप झाली. शिष्याला चैन कसे पडावे? नोव्हेंबर १८५० मध्ये या एकवीस वर्षांच्या तरुणाने स्पांडाऊच्या तुरुंगातील एक पहारेकरी फितवला आणि गुरूला दोरावरून खाली उतरवून ब्रिटनला नेले.

१८५२ मध्ये शुर्झ अमेरिकेत पोहोचले. परकी भाषा त्यांनी अशी आत्मसात केली की, पुढे त्या देशातील नामवंत वक्त्यांत त्यांची गणना झाली. गुलामगिरीविरुद्ध त्यांनी वाणी झिजवली; १८६०च्या निवडणुकीत लिंकन यांच्यासाठी जर्मन मतदारांत प्रचार केला. लिंकन यांनी त्यांना स्पेनमध्ये राजदूत नेमले; पण गृहयुद्ध चालू असताना ते पद सोडून ते रणांगणावर उतरले आणि गेटिसबर्गला लढले.

१८६९ मध्ये ते मिसुरीतून सिनेटवर गेले. जर्मनीत जन्मलेले ते पहिले सिनेटर. २९ फेब्रुवारी १८७२ रोजी स्वपक्षाच्याच सरकारवर टीका करताना त्यांनी देशभक्तीची व्याख्या सांगितली. देश आपलाच, योग्य असो वा अयोग्य. योग्य असेल तर तसा राखावा, चुकत असेल तर सुधारावा, हा तिचा आशय.

१८७७ ते १८८१ या काळात गृहखात्याचे मंत्री असताना त्यांनी वशिल्याऐवजी गुणवत्तेवर नेमणुका केल्या. पण त्याच काळात पोन्का या आदिवासी जमातीला आपली भूमी सोडावी लागली. अन्याय झाल्याचे शुर्झ यांनी मान्य केले, तरी त्यांना परतू दिले नाही. त्यांच्याच कसोटीवर येथे ते उणे पडले, हेही सांगितले पाहिजे.

१८९८च्या युद्धानंतर फिलिपाईन्स गिळंकृत करण्यास त्यांनी विरोध केला. १४ मे १९०६ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. परदेशात जन्म झाल्याने राष्ट्राध्यक्षपदाचे दार त्यांना संविधानानेच बंद होते. तरीही त्यांची निष्ठा उणावली नाही. फळाची अपेक्षा नसताना जी टिकते आणि राष्ट्राला त्याची चूक दाखवण्याचे धैर्य देते, तीच खरी राष्ट्रनिष्ठा होय.