रक्तातील एक संथ दुखणे
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



चिटणीसांनी आम्हास ‘आरोग्यावर काही बोला’ अशी आज्ञा केली, तेव्हा मधुमेह किंवा रक्तदाब यांपैकी एखादा विषय आम्ही घेऊ, अशी त्यांची अपेक्षा असावी. या दोन्ही विषयांवर मागील संमेलनांत उत्तम व्याख्याने झाली आहेत, आणि त्यानंतरच्या पंगतीत श्रीखंडाच्या खपावर त्यांचा काही परिणाम झाल्याचे आमच्या पाहण्यात नाही. म्हणून यंदा आम्ही असा एक रोग निवडला आहे की, ज्याचे नाव आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकले असेल; परंतु ज्या घरात तो येतो, त्या घराचे रोगापेक्षाही त्याच्या नावाच्या धास्तीने अधिक नुकसान होते. त्याचे नाव क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, संक्षेपाने सीएलएल. मराठीत त्यास लसिकापेशींचा जुनाट रक्तकर्करोग म्हणता येईल.

हा विषय आम्हास सुचला तो आपल्याच ज्ञातीतील एका कुटुंबावरून. त्या गृहस्थांची अनुमती घेऊन आम्ही हे सांगत आहो. नावाशी कोणास कर्तव्य नाही. वय ६६, नोकरीतून निवृत्त, प्रकृती ठणठणीत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी रिवाजाप्रमाणे रक्त तपासले, तो पांढऱ्या पेशी ४२,००० निघाल्या. निरोगी माणसात त्या साधारणतः ४,००० ते ११,००० असतात. अहवालाच्या तळाशी ‘ल्युकेमिया असावा काय?’ अशी शंका लिहिलेली. झाले! मुलांनी तो कागद खिशात घातला आणि त्याच रात्री तीन निर्णय घेतले: वडिलांस काही सांगावयाचे नाही, शस्त्रक्रिया रद्द करावयाची, आणि नातीच्या लग्नाची जी बोलणी चालली होती, त्या मंडळींच्या कानावर तर हे मुळीच जाऊ द्यावयाचे नाही. दुसऱ्या दिवशी एका खाजगी रुग्णालयात ‘ताबडतोब दाखल करा, केमोथेरपी सुरू करू’ असा सल्ला मिळाला. चौथ्या दिवशी गावाकडील आमराईस गिऱ्हाईक पाहण्यास प्रारंभ झाला.

आम्ही कर्करोगतज्ज्ञ नव्हे. चाळीस वर्षे कुटुंबवैद्याचा व्यवसाय केलेले साधे डॉक्टर आहो. थोरले चिरंजीव रात्री दहा वाजता आमच्याकडे आले, तेव्हा आम्ही त्यांना एवढेच विचारले की, वडिलांस ताप येतो काय? वजन उतरले काय? रात्री अंगावरचे कपडे भिजतील इतका घाम येतो काय? यांपैकी काहीही नव्हते. हिमोग्लोबिन १३.४, बिंबिका म्हणजे प्लेटलेट २ लाख १० हजार. आम्ही म्हणालो, “तुमच्या वडिलांना तपासण्यांची गरज आहे, औषधाची आज गरज दिसत नाही. आमराई राहू द्या.” त्यांच्या चेहऱ्यावर जो अविश्वास दिसला, तो आम्ही अद्याप विसरलो नाही. कर्करोग आहे आणि औषध नको, हे कसे शक्य आहे? आजचे आमचे सारे व्याख्यान या एका प्रश्नाचे उत्तर आहे.

ल्युकेमिया हे नाव जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ विर्खो याने १८४७ साली दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘पांढरे रक्त’ असा होतो. परंतु हा एक रोग नव्हे, रोगांचे कुटुंब आहे, आणि त्यातील भावंडांचे स्वभाव अगदी भिन्न आहेत. तीव्र ल्युकेमिया दिवसांच्या हिशेबाने चालतो. तेथे एका आठवड्याचा विलंबही घातक ठरतो. आपल्या मनात जी भीती आहे ती त्याची, आणि ती निराधारही नाही. लेडी मेहरबाई टाटा यांचे १९३१ साली ल्युकेमियानेच निधन झाले. त्यांच्या नावे १९३२ साली स्थापन झालेला न्यास आजही देशोदेशीच्या ल्युकेमिया-संशोधनास साहाय्य करतो. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली उघडले, त्यामागेही हेच दुःख होते. सीएलएल मात्र वर्षांच्या हिशेबाने चालणारे दुखणे आहे. पाश्चात्य देशांत प्रौढांस होणाऱ्या ल्युकेमियांत याचे प्रमाण सर्वांत मोठे. आपल्याकडे तो बराच विरळ. स्त्रियांपेक्षा पुरुषांत अधिक, आणि बहुधा उतारवयात.

होते ते असे. आपल्या रक्तात लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. त्यांतील ‘बी’ जातीच्या पेशींकडे जंतूंशी लढणारी प्रतिपिंडे बनविण्याचे काम असते. काम संपले की त्यांनी मरावे, असा निसर्गाचा नियम आहे. या रोगात एकाच पेशीची प्रजा मरण विसरते. ती फार वेगाने वाढते असे नव्हे; निवृत्त होऊनही खुर्ची न सोडणाऱ्या अधिकाऱ्यांप्रमाणे ती साचत जाते. (आमच्या कार्यकारिणीतील ज्येष्ठांनी हे मनावर घेऊ नये.) प्रथम रक्तात, मग मान, काख, जांघ येथील गाठींत, मग पानथरीत आणि अस्थिमज्जेत. मज्जेत फार दाटी झाली म्हणजे तांबड्या पेशी व बिंबिका यांना जागा उरत नाही, आणि खरा त्रास तेव्हा सुरू होतो.

निदान करावयाचे ते नुसत्या आकड्यावरून नव्हे. पांढऱ्या पेशी साध्या जंतुसंसर्गानेही वाढतात. रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता या रोगात फुटून पसरलेल्या, पुसट डागांसारख्या पेशी दिसतात. अनुभवी डोळ्यास तेथेच शंका येते. परंतु शिक्कामोर्तब होते ते फ्लो सायटोमेट्री या तपासणीने. पेशींच्या पृष्ठभागावरील खुणा, म्हणजे सीडी ५, सीडी १९, सीडी २३ इत्यादी, तीत मोजल्या जातात आणि सर्व पेशी एकाच मातेची लेकरे आहेत की काय, हे ठरते. अशा बी पेशी एका घन मिलिमीटरमध्ये ५,००० किंवा अधिक असून ती वाढ तीन महिने टिकली, तर सीएलएल म्हणावयाचे. त्याहून कमी असून गाठी वगैरे काही नसेल, तर तो रोग नव्हे. केवळ नजर ठेवण्याजोगी अवस्था होय. ही तपासणी हाताच्या शिरेतील रक्तावर होते. अस्थिमज्जा काढण्याची गरज निदानासाठी बहुधा पडत नाही, हे आमच्या भगिनींनी विशेष लक्षात ठेवावे. कारण त्या सुईच्या नावानेच कित्येक रुग्ण पळ काढतात.

रोग किती पुढे गेला आहे हे मोजण्याची जी पद्धत जगभर वापरतात, ती १९७५ साली कांती राय यांनी आपल्या सहकाऱ्यांसह अमेरिकेत मांडली. हे गृहस्थ मूळचे जोधपूरचे, हे सांगताना आम्हास अभिमान वाटतो. त्यांच्या पद्धतीचा मोठेपणा तिच्या साधेपणात आहे: डॉक्टरांचे हात आणि एक साधा रक्ततपास, एवढ्यावर ती चालते. रक्तात केवळ पेशी वाढलेल्या, तर शून्य पायरी. गाठी असल्यास पहिली. पानथरी किंवा यकृत वाढल्यास दुसरी. हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेल्यास तिसरी. बिंबिका एक लाखाच्या खाली गेल्यास चौथी. आमचे गृहस्थ शून्य पायरीवर होते.

आता मूळ प्रश्न. लवकर उपचार केल्यास लवकर गुण, हा कर्करोगाविषयीचा सामान्य नियम येथे का लागू पडत नाही? कारण तो लावून पाहिला गेला आणि पडला नाही. फ्रान्समध्ये १९८० पासून, प्रारंभिक अवस्थेतील रुग्णांचे दोन गट करून, एकास लगेच क्लोरॅम्ब्युसिलच्या गोळ्या दिल्या आणि दुसऱ्यास केवळ तपासणीखाली ठेवले. निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी औषध लगेच घेतले ते अधिक जगले नाहीत. उलट, पहिल्या पाहणीत औषध न दिलेल्यांपैकी ४९ टक्के लोकांना अकरा वर्षांहून अधिक काळ लोटल्यावरही औषधाची गरज पडली नव्हती! म्हणजे जवळजवळ निम्म्या मंडळींनी विनाकारण विष पचविले असते. पुढे नव्या औषधांचाही असाच प्रयोग झाला. इब्रुटिनिब लवकर दिल्याने रोगाची वाढ लांबली, परंतु आयुष्य वाढल्याचे दिसले नाही.

म्हणून ‘थांबणे आणि पाहणे’ ही येथे आळसाची नव्हे, अभ्यासाने ठरलेली उपचारपद्धती आहे. मात्र त्यातील ‘पाहणे’ हा शब्द गाळून चालणार नाही. प्रथम दर तीन महिन्यांनी, स्थिर असल्यास सहा महिन्यांनी, डॉक्टरांकडे जावे. औषध केव्हा सुरू करावयाचे याच्या खुणा ठरलेल्या आहेत. हिमोग्लोबिन १० च्या खाली किंवा बिंबिका एक लाखाच्या खाली घसरू लागणे. पानथरी अथवा गाठी फार वाढणे. लिम्फोसाइटांची संख्या सहा महिन्यांच्या आत दुप्पट होणे. सहा महिन्यांत वजन दहा टक्क्यांनी उतरणे. जंतुसंसर्ग नसता दोन आठवडे ताप अथवा महिनाभर रात्रीचा घाम. केवळ पांढऱ्या पेशींचा आकडा मोठा आहे, ही खूण त्यात नाही. आमच्या गृहस्थांचा आकडा पुढे ७०,००० वर गेला, तेव्हा चिरंजीव पुन्हा रात्री दहा वाजता आले होते. आम्ही त्यांना चहा देऊन परत पाठविले.

औषधाची वेळ आलीच, तर त्यापूर्वी दोन जनुकीय तपासण्या आग्रहाने मागाव्यात. एक, १७ व्या गुणसूत्राचा तुकडा गळाला आहे काय अथवा टीपी ५३ या जनुकात बिघाड आहे काय. दुसरी, आयजीएचव्ही या जनुकाची. पहिला बिघाड असता जुन्या केमोथेरपीचा उपयोग जवळजवळ होत नाही. पैसाही जातो आणि प्रकृतीही. ही तपासणी न करता केमोथेरपी सुरू करणे आमच्या मते गैर आहे.

गेल्या काही वर्षांत या रोगाच्या उपचारात जी क्रांती झाली, ती आमच्या उमेदीच्या काळात कोणी सांगितली असती तर खरी वाटली नसती. १९५२ साली ऑग्डेन ब्रुटन या अमेरिकन डॉक्टरने, प्रतिपिंडेच नसलेल्या एका मुलाचे वर्णन केले. त्या दोषामागील विकर, म्हणजे एन्झाइम, १९९३ साली सापडले व त्यास ब्रुटनचे नाव दिले गेले. ते नसेल तर बी पेशी वाढत नाहीत. मग जेथे त्या वाजवीपेक्षा फार झाल्या आहेत तेथे तेच का बंद करू नये? या विचारातून इब्रुटिनिब निघाले आणि २०१४ साली अमेरिकेत सीएलएलसाठी मान्य झाले. अॅकॅलाब्रुटिनिब व झानुब्रुटिनिब ही त्याची धाकटी भावंडे, हृदयास काहीशी सौम्य. ही गोळी रोज, गुण असेपर्यंत घ्यावी लागते. दुसरे औषध व्हेनेटोक्लॅक्स, २०१६ चे. ते पेशींना विसरलेले मरण पुन्हा शिकविते. एका इंजेक्शनच्या जोडीने ते साधारण एक वर्ष देऊन थांबविता येते. मात्र पेशी एकदम मरून मूत्रपिंडावर ताण येऊ नये म्हणून २० मिलिग्रॅमपासून आरंभ करून पाच आठवड्यांत ४०० पर्यंत चढावे लागते, आणि पाणी भरपूर प्यावे लागते. ही औषधे रोग समूळ नाहीसा करतात असे नाही. परंतु अनेकांस कित्येक वर्षे कामधंद्यास लावतात. ग्रेपफ्रूट व त्याच्या जातीची पपनसे, तसेच वैद्य किंवा शेजारी यांनी दिलेली चूर्णे, डॉक्टरांस विचारल्याखेरीज यांबरोबर घेऊ नयेत.

एक गोष्ट लपविल्याने काय होते ते सांगितले पाहिजे. या रुग्णांस खरा धोका असतो तो जंतुसंसर्गाचा, कारण पेशी पुष्कळ असूनही कामाच्या नसतात. आमच्या गृहस्थांस पुढल्या पावसाळ्यात नागीण झाली. वडिलांस रोग ठाऊक नाही, म्हणून त्यांनी जवळच्या डॉक्टरांस सांगितला नाही. घरच्यांस ठाऊक, परंतु लग्नाची बोलणी चाललेली, म्हणून त्यांनीही सांगितला नाही. चार दिवस काव लावण्यात गेले. नागीण डोळ्यापर्यंत चढली आणि उजव्या डोळ्याची दृष्टी कायमची अधू झाली. ज्या मोतीबिंदूसाठी हे सारे सुरू झाले, तो दुसऱ्या डोळ्याचा होता. न्यूमोनिया, फ्लू व नागीण यांच्या लसी (जिवंत जंतूंच्या वगळून) वेळीच घेतल्या असत्या, तर हा प्रसंग टळण्याचा संभव पुष्कळ होता. त्या दिवशी रुग्णालयाच्या ओसरीवर आम्ही स्वतः त्यांना रोगाचे नाव सांगितले. ते इतकेच म्हणाले, “डॉक्टर, सगळ्यांना ठाऊक होते, मीच तेवढा उरलो होतो काय?”

लग्नाविषयी. हा रोग स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने अथवा रक्तानेही लागत नाही. सख्ख्या नातेवाइकांत तो होण्याचा संभव इतरांहून काही पट अधिक असतो हे खरे. परंतु मूळ संभवच आपल्याकडे इतका थोडा की, काही पट होऊनही तो थोडाच राहतो, आणि बहुतेक कुटुंबांत दुसरा रुग्ण कधीच निघत नाही. निरोगी मुलानातवंडांची तपासणी करावी असे कोणी तज्ज्ञ सांगत नाहीत. आजोबांच्या रक्तावरून नात नाकारणे यास शास्त्राचा आधार नाही. त्या गृहस्थांनी व्याह्यांस घरी बोलावून स्वतःच सर्व सांगितले. व्याह्यांनी आमच्याकडे येऊन दोन तास प्रश्न विचारले, आणि लग्न ठरल्या मुहूर्तावर झाले.

शेवटी कार्यकारिणीस एक विनंती. आपल्या वैद्यकीय साहाय्य निधीच्या नियमाप्रमाणे, रुग्णालयात दाखल झालेल्यासच, तेथील बिल दाखविल्यावर, मदत मिळते. या रोगाचा रुग्ण बहुधा दाखल होतच नाही. त्याचा खर्च तपासण्यांचा, लसींचा आणि पुढे घरी घ्यावयाच्या महागड्या गोळ्यांचा असतो. नियमात ‘दाखल झालेल्या’ हे शब्द आहेत तोवर अशा कुटुंबास निधीतून एक रुपयाही देता येत नाही. ते शब्द काढावेत, असा लेखी प्रस्ताव आम्ही चिटणीसांकडे दिला आहे; उद्याच्या सर्वसाधारण सभेत तो यावा.